हॅलो, टेस्टिंग

पुण्यातल्या प्रत्येक पक्षीमित्र मंडळात एक काका असतात. बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त, गळ्यात दुर्बीण, अंगात खिसेच खिसे असलेलं जॅकेट आणि त्यात दोन फोन. एक 'प्रॉडक्शन'चा, दुसरा 'टेस्टिंग'चा.

काकांची अडचण रास्त आहे. दुर्बिणीला दोन्ही हात लागतात, आणि वहीत लिहायला मान खाली घातली की पक्षी भुर्र. मग आपण बोलावं, फोननं ऐकावं आणि घरी येईपर्यंत टिपण आयतं तयार व्हावं. एवढंच तर हवंय. एवढ्यासाठी काका कित्येक वर्षं सॉफ्टवेअर निवडताहेत.

निवड अर्थात शास्त्रशुद्ध. एक्सेलमध्ये तक्ता आहे: रेंज नसताना चालतं का, प्रत्येक वाक्यापुढे वेळ उमटते का, जागा जीपीएसनं नोंदवतं का, बॅटरी किती खातं आणि सगळी माहिती सीएसव्हीत बाहेर काढता येते का. या शेवटच्या रकान्याशी आले की काकांचा गळा दाटतो. बर्कलीच्या प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेलनं शतकापूर्वी कॅलिफोर्नियात केलेल्या प्राणी-पक्ष्यांच्या नोंदी घेऊन संशोधक पुन्हा त्याच जागी गेले, हे ते दर रविवारी सांगतात. "तुमचं ॲप शंभर वर्षांनी उघडेल का हो?" ग्रिनेलच्या नोंदी कागदावर होत्या, हे आम्ही बोलून दाखवत नाही. वयाचा मान असतो.

हिवाळ्यातली सकाळ, पुण्याजवळचं कवडीपाट. नदीत हळदी-कुंकू बदकं, पलीकडे ब्राह्मणी बदकं. "श्शू, चाचणी चालूये!" असं आम्हालाच दटावून काका माईक तोंडाशी धरतात. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून त्यावर नातवाचा लोकरी मोजा चढवलेला. मग आकाशवाणीच्या थाटात: "हळदी-कुंकू सात. ब्राह्मणी चार. वेडा राघू एक, तारेवर. टिटवी दोन." पडद्यावर उमटतं: "हळदीकुंकू सात वाजता. ब्राह्मण चार. वेडा रघू एक तारखेवर. टीव्ही दोन." काका तेवढ्याच गांभीर्यानं चुका मोजून तक्त्यात भरतात. तोवर बदकं उडालेली असतात.

पुढे बोललेलं लिहून काढणारं व्हिस्पर आलं. 2022 सालचं हे मॉडेल 6,80,000 तासांचा आवाज ऐकून शिकलंय आणि इंटरनेटशिवाय लॅपटॉपवर चालतं, म्हणून काकांनी रात्रभर लॅपटॉप तापवला. मराठी खरंच सुधारलं. पण रेकॉर्डिंगच्या मध्ये काका बराच वेळ गप्प होते (ही घटना दुर्मीळच), तेव्हा सॉफ्टवेअरला करमेना. त्यानं आपल्या मनानं लिहून टाकलं, "व्हिडिओ पाहिल्याबद्दल धन्यवाद." ही त्याची जुनी खोड आहे, शांतता असली की काहीतरी घालतंच. आमच्या मंडळातही असे दोघे-तिघे आहेत.

"मर्लिन वापरा की," असं कुणी सुचवलं तर काका उसळतात. "ते पक्ष्याचं ऐकतं, माझं नाही!" मुद्दा बिनतोड आहे. मर्लिन आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगतं. पण पक्षी किती होते, काय करत होते, हे सांगायला माणूसच लागतो.

आणि सल्ला म्हणाल तर काकांचाच घ्यावा. त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही फोनच्या साध्या रेकॉर्डरवर आधी वेळ आणि जागा बोलतो, मग पक्षी. नाव सावकाश, आकडा दोनदा. संध्याकाळी स्वतः ऐकून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरतो आणि मूळ रेकॉर्डिंग पुसत नाही. आमच्या याद्या नेमानं जातात. काकांच्या खात्यावर अजून एकही नाही, कारण तुलना पूर्ण झालेली नाही.

तेव्हा ॲप निवडायचं असेल तर त्यांना जरूर फोन करा. फक्त 'प्रॉडक्शन'च्या नंबरवर करा. दुसरा ते उचलत नाहीत, तो रेकॉर्डिंगला लावलेला असतो.