पळाले एकदाचे!

सॅम पेकिनपाच्या १९७२च्या ‘द गेटअवे’चा रॉजर डोनल्डसननं १९९४ साली रीमेक केला. जोडी अ‍ॅलेक बाल्डविन आणि किम बेसिंजर यांची, म्हणजे तेव्हाचे खरेखुरे नवरा-बायको. पण पडद्यावर दोघं विजेचं बिल भरायला निघाल्यासारखे पळतात! गोळीबार दणदणीत, धाकधूक शून्य. पटकथाही वॉल्टर हिलचीच जुनी, थोडी डागडुजी केलेली.

मूळ माल होता जिम थॉम्प्सनच्या कादंबरीत. तिथे हे लुटारू नवरा-बायको सीमेपलीकडे फरारींच्या आश्रयस्थानी पोचतात, लुटीचा पैसा राहण्याखाण्यातच झिजतो आणि मग प्रेमी जीव एकमेकांचाच काटा काढायला टपतात. पेकिनपानं हा शेवट गाळला. डोनल्डसनला आयती दुसरी संधी होती. त्यानं काय केलं? एका म्हाताऱ्याचा ट्रक विकत घेऊन दिला आणि जोडप्याला सुखरूप मेक्सिकोत धाडलं.