रनिंग कंडिशनवाले भाऊ

भाऊ स्वतः स्प्लेंडर चालवतो. ज्याच्या अंगणात दोन राजदूत, एक येझदी, टाकी नसलेली बुलेट आणि इंजिन नसलेली लँब्रेटा उभी आहे, त्याने स्प्लेंडरवर का फिरावं, असं कोणी विचारलं तर तो जराही न ओशाळता सांगतो, "कामावर वेळेवर पोचा लागते नं."

काम म्हणजे जुन्या गाड्या घेणं आणि त्या आणखी जुन्या करून विकणं. पुण्याला जुना बाजार आहे, तो बुधवार-रविवारी भरतो. मुंबईला मटन स्ट्रीटचा चोर बाजार आहे. गोंदियाला असं काही नाही. इथला जुना बाजार एका माणसाच्या शर्टाच्या वरच्या खिशात, मोबाइलमध्ये भरतो. तोच माणूस दुपारी पानठेल्यावर खर्रा घोटून घेताना दिसतो आणि फोन वाजला की आधी दोन पावलं बाजूला सरकतो. असा भाऊ गोंदियात आहे, तिरोड्यात आहे, देवरीत आहे. तालुक्याला एक तरी सापडतोच. लोक त्याचा नंबर 'राजदूतवाला' किंवा 'पुरानी गाडी' या नावाने सेव्ह करतात. खरं नाव बहुधा आरटीओतल्या एजंटालाच माहीत असतं.

भाऊकडे दोन शब्दकोश आहेत. एक घ्यायचा, एक विकायचा. दोन्हींतला एकही शब्द चुकूनसुद्धा दुसरीकडे जात नाही. घेताना गाडी असते 'खटारा', 'लोखंड', 'जागा अडवून बसलेली', आणि मालक फारच चिवट निघाला तर 'हिच्या खाली साप बसते काकाजी, घरी लेकरं हायेत.' हीच गाडी टेम्पोत चढून गोंदियाला उतरली की 'घरची गाडी', 'फर्स्ट ओनर', 'फॅक्टरी पेंट' होते. घेताना जो गंज असतो, तो विकताना 'पॅटिना' होतो. हा शब्द भाऊने यूट्यूबवर उचलला आणि 'पटिना' असा उच्चारून त्याला गोंदियाचं नागरिकत्व दिलं. या सगळ्यांच्या वर एक मंत्र आहे: 'रनिंग कंडिशन'. गाडीला चाकं असली की ती रनिंग कंडिशन. चाकं नसली तर 'चाकं टाकली की रनिंग कंडिशन'. नफा नेमका कुठून येतो याचा हिशेब करायला बसलं तर स्पेअर पार्ट आणि मजुरी वजा जाता उरतो तो या दोन शब्दकोशांमधला फरक.

त्याचा हा गुण आनुवंशिक असावा. या धंद्यातल्या कितीतरी भाऊंचे आजे बैलबाजारात दलाली करायचे. रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव सांगायचे आणि भोवतीच्या पन्नास माणसांना कळायचं नाही की सौदा किती रुपयांवर अडलाय. भाऊचा रुमाल म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. पण गाडी बघायची रीत मात्र आजाचीच. आधी लांबून एक फेरी. मग मागून. मग खाली बसून. आजा बैलाचे दात बघायचा, भाऊ किक दाबून बघतो: पायाला दाब लागला तर पिस्टन शाबूत, किक पोकळ गेली तर बोअरचं काम, आणि जागची हललीच नाही तर इंजिन जाम. जाम इंजिन सापडलं की भाऊच्या चेहऱ्यावर दुःख पसरतं. मनात तेव्हा दिवाळी असते, कारण जाम इंजिनचा भाव पडतो आणि ते मोकळं करायला बहुतेक वेळा डिझेल ओतून चार दिवस थांबणं पुरतं.

थांबायला भाऊ कधीच ना म्हणत नाही. गोंदिया हा धानाचा जिल्हा, आणि इथल्या पैशाचं कॅलेंडर धान ठरवतं. जून-जुलैत रोवणी आली की बी-खताला आणि मजुरीला रोख लागते. घरात रोख नसते आणि कोठ्यात, तणशीखाली सासऱ्याची राजदूत असते. भाऊ नेमका तेव्हा येतो. विकायला मात्र तो दिवाळीनंतर काढतो, जेव्हा धान विकला गेलेला असतो, गावोगाव मंडईची जत्रा भरते, बाहेरगावी नोकरीला गेलेली पोरं घरी येतात आणि रात्री नाटकाच्या मंडपात बापाच्या आठवणी निघतात. या व्यवहारात भाऊचं काही चुकतं असं त्याला वाटत नाही. आपण चार महिने मध्ये सांभाळतो, त्याचे पैसे घेतो, असं त्याचं म्हणणं. सावकाराचंही हेच म्हणणं असायचं, पण सावकार गाडी पुसून ठेवत नव्हता, हा फरक मान्य करायला हवा.

भाऊच्या धंद्याचा कणा राजदूत. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने ती साठच्या दशकात पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बनवायला घेतली: 173 सीसी, टू-स्ट्रोक, दिसायला मठ्ठ, वागायला गुणी. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवून, मागे एक माणूस आणि त्या माणसाच्या मांडीवर बोकड घेऊन ती बांधावरून गेलेली आहे. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती निघत राहिली आणि इतक्या वर्षांत तिचं रूप फारसं बदललंच नाही. भाऊसाठी ही पर्वणी आहे. प्रत्येक लग्नात तशीच दिसणाऱ्या मावशीसारखी ही गाडी, तिचं वय कोणीही काहीही सांगावं. त्यातही जीटीएस निघाली तर भाऊ आवाज खाली आणतो. ही ती छोटी गाडी, 1973 च्या 'बॉबी'त ऋषी कपूरने चालवलेली, म्हणून तिचं नावच बॉबी पडलं. भाऊ आजवर तीन जणांना म्हणालाय, "हेच ते गाडी." चित्रपटात एकच होती की तीन, याची चौकशी कोणी केलेली नाही.

येझदी दाखवताना तो गिऱ्हाईकाची परीक्षा घेतो. म्हैसूरच्या आयडियल जावाची ही गाडी. आधी तिचं नाव जावा, 1973 पासून येझदी, आणि कारखान्याला कुलूप लागलं ते 1996 साली. तिच्यात गिअरचा आणि किकचा दांडा एकच. तोच आत दाबून वर उचलला की किक होते. गिऱ्हाईक गाडीवर बसलं आणि उजवीकडे वाकून किक शोधू लागलं, की भाऊ भाव पाच हजारांनी वाढवतो. न शोधता दांडा उचलणारं गिऱ्हाईक आलं तर त्याला चहा पाजतो आणि फार काही बोलत नाही. त्याच्यापुढे विकायचा शब्दकोश चालत नाही.

आणि मग आरएक्स हंड्रेड. यामाहाची ही 98 सीसीची गाडी भारतात 1985 ते 1996 निघाली. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि तिचा धूर कायद्यात बसेना. गोंदियात आज पस्तिशीतला कोणताही माणूस तिचा आवाज तोंडाने काढून दाखवू शकतो. आणि हे वेड गोंदियापुरतं नाही: 2023 च्या जुलैत माजी क्रिकेटपटू व्यंकटेश प्रसादने धोनीच्या रांचीच्या घरातल्या गाड्यांचा व्हिडिओ टाकला, दोन मजली काचघर, गच्च भरलेलं. तो व्हिडिओ भाऊने इतक्यांदा दाखवलाय की धोनीने आपल्या गाड्या भाऊकडूनच नेल्या, असा एखाद्याचा समज व्हावा. भाऊ तसं म्हणत नाही. फक्त नाकारतही नाही.

आरएक्सला तो बेधडक 'व्हिंटेज' म्हणतो. इथे सरकार आडवं येतं. 2021 च्या जुलैत केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, चेसिस-इंजिनात मोठी मोडतोड न केलेली गाडीच व्हिंटेज. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या वापराला बंदी. या हिशेबाने सर्वांत पहिल्या आरएक्स हंड्रेडलाही व्हिंटेज व्हायला 2035 उजाडेल. कोणी पुण्याचं शिकलेलं गिऱ्हाईक हे ऐकवतं तेव्हा भाऊ घायाळ होत नाही. "मंग आताच घ्या नं साहेब, तवा भाव किती होईन!"

कागदांचा विषय निघाला की मात्र त्याचा आवाज बदलतो. गोंदियाच्या एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला राजनांदगाव. त्यामुळे गाडी मध्य प्रदेशची, मालक महाराष्ट्राचा आणि गिऱ्हाईक छत्तीसगडचं, असा त्रिवेणी संगम वरचेवर होतो. मग फॉर्म 28 ची एनओसी, 29, 30, आणि मालक वारला असेल तर वारसांसाठी 31. मालक बहुधा वारलेलाच असतो. वारस पाच असतात, त्यातला एक सुरतला, आणि तो नेमका रुसलेला. हाताने लिहिलेलं आरसी बुक ऑनलाइन नोंदीत दिसत नाही. भाऊ या सगळ्याला एका वाक्यात गुंडाळतो: "कागद किलिअर हायेत, फक्त नावावर कराचे हायेत." एकदा तर त्याने 1985 ची आरएक्स 'ओरिजिनल नंबर'सकट आणली, नंबर एमएच 35. ही एमएच आणि आकड्यांची पद्धतच 1989 च्या नियमांनी आली, हे पानठेल्यावरच्या एका निवृत्त शिक्षकाने सांगितलं. भाऊने प्लेटकडे बघितलं, शिक्षकाकडे बघितलं आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी रिटायर झाले तं आराम करा."

गाड्या मंदावल्या की तो इतर जुन्या चीजांकडे वळतो. त्यात प्रतिष्ठेची वस्तू म्हणजे रेल्वेचा कंदील. गोंदियातून बंगाल नागपूर रेल्वेची छोटी लाइन जबलपूरकडे जायची. ती गेली, रुंद रूळ आले, पण 'बीएनआर' ही तीन अक्षरं कोरलेले कंदील अजून निघतात. इतके निघतात की एवढे कंदील त्या लाइनीवर टांगायला खांब तरी होते का, असा प्रश्न पडावा. अक्षरं कोरणारा माणूस कुठे बसतो, ते भाऊला ठाऊक आहे. खरा कंदील मिळाला तर उलट तो घाबरतो, कारण रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्यावर 1966 चा कायदा आहे. खोटा कंदील विकायला त्यापेक्षा सुरक्षित! तसंच भोंग्याच्या ग्रामोफोनचं. देशभरच्या जुन्या बाजारांत नव्या पितळी भोंग्याखाली जुन्या पेटीफोनची मोटर बसवून ते उभे केले जातात, वर कुत्र्याचं चित्र. आणि 1972 चा पुरावस्तू कायदा सांगतो की शंभर वर्षं झालेली ऐतिहासिक वस्तू विकायला परवाना लागतो. म्हणून भाऊची प्रत्येक चीज गिऱ्हाईकासाठी दीडशे वर्षांची आणि पोलिसासाठी नव्व्याण्णव वर्षांची असते.

नाण्यांना मात्र तो हात लावत नाही. ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट, 786 आकड्याची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, याचे लाखो मिळतात म्हणून रोज कोणीतरी खिसा उलटा करून येतं. या फसवणुकीत आपलं नाव वापरलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच 2021 साली दिला होता. भाऊ आलेल्याला समजावतो, "पाच रुपयाची हाये, दोन चॉकलेट घे." धंद्यात आपणही थोडं वाढवून सांगतो, पण वस्तू तरी हातात देतो, याचा त्याला अभिमान आहे.

त्याची स्वप्नं इंग्लंडात पोहोचतात. तिकडे कॉर्नवॉलमधल्या एका पडवीत आठ ब्रफ सुपिरिअर मोटारसायकली अर्धशतक गंजत पडल्या होत्या. 2016 साली लिलावात त्यांचे साडेसात लाख पौंडांवर पैसे आले. ही बातमी कळल्यापासून भाऊ कुठल्याही कोठ्यात शिरताना जरा वाकून, देवळात शिरावं तसा शिरतो.

असाच तो एकदा आमगावकडच्या एका गावात शिरला. कोठ्यात राजदूत होती, टाकीसकट, टूलबॉक्ससकट. घरी म्हातारी एकटी. भाऊने सापाची गोष्ट सांगितली, लोखंडाचा भाव सांगितला, सौदा चार हजारांत ठरला. पाचशे रुपये बयाणा हातात ठेवून तो गाडीकडे वळला, तर सीटच्या फाटक्या खळग्यात, तणशीवर कोंबडी बसलेली.

"खुडूक हाये," म्हातारी म्हणाली. "पिल्लं निघू दे, मंग ने."

"आजी, कोंबडी टोपलीत ठेवू."

"उठवली तं अंडी वाया जातेत. एकवीस दिवस तं लागतेत, बाबू."

भाऊने बोटांवर दिवस मोजले. सौद्यात कोंबडीशी वाद घालायची रीत आजाने शिकवली नव्हती. तो बाविसाव्या दिवशी टेम्पो घेऊन आला. अंगणात नऊ पिल्लं फिरत होती. गाडी छपरीत आणून, धुऊन, स्टँडवर उभी होती. मधल्या काळात नातू नागपूरहून येऊन गेला होता.

"कोंबडी उठली, आजी," भाऊ म्हणाला.

"उठली नं. पन नातू म्हनते, गाडी एंटिक हाये. चाळीस हजार म्हनते." तिने पदराच्या गाठीतून पाचशेची तीच नोट काढून त्याच्यापुढे धरली.

भाऊ बराच वेळ छपरीत बसला. चहा आला, तो प्यायला. मग सवयीप्रमाणे त्याची नजर भिंतीवर गेली. फळीवर जुना मर्फी रेडिओ होता, वर क्रोशाचा रुमाल.

"हे डबडं कायले ठेवलं आजी? बंदच असन."

"बंद कायचं?" म्हातारी पिल्लांना कण्या टाकत म्हणाली. "रनिंग कंडिशन हाये."