चहा घेतला नाही ना?

सत्तरीला टेकलेल्या जोडप्याला हल्ली सकाळी 'कसे आहात?' असं कुणी विचारत नाही. 'चहा घेतला नाही ना?' असं विचारतात. विचारणारी मुलगी लॅबच्या काउंटरमागे बसलेली असते आणि तिच्या हाताशी वाफाळता कप असतो.

मला आज त्या कपाबद्दलच बोलायचं आहे.

कप कागदी असतो, दोन घोटांचा. ती तो लगेच पीतही नाही. आधी फोन घेते, मग प्रिंटरशी भांडते, मग कुणाची तरी पावती शोधते. तेवढ्यात चहावर साय धरते. समोर रात्री आठपासून पोटात पाण्याखेरीज काही न गेलेली माणसं बसलेली असतात आणि त्यांचे डोळे त्या सायीवर खिळलेले असतात. "आलं घातलंय," बाई नवऱ्याच्या कानात सांगतात, नुसत्या वासावरून. "आणि उकळलाय जास्त," नवरा म्हणतो. टीका करण्याचा हक्क अजून तरी उपाशीपोटीही चालतो.

ही माणसं काही चंद्र मागत नाहीत हो. कुंडीतली गवती चहाची दोन पाती, गॅलरीतल्या दोन खुर्च्या आणि एक शब्दकोडं, ज्यातले आडवे शब्द तिचे आणि उभे त्याचे. पस्तीस-चाळीस वर्षं डबे, शाळा आणि लोकलच्या वेळा सांभाळल्यावर मिळालेली ही एवढीच मिळकत. नेमकी तिच्यावरच वैद्यकशास्त्राची जप्ती आली आहे. तिची थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, आणि चहा त्यानंतर किमान अर्ध्या तासाने. कॅल्शियम घ्यायचं तर त्या गोळीपासून चार तास लांब. आठवड्यातून एकदा हाडांची गोळी, ती घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. त्याचं कोलेस्टेरॉल, तिची शुगर. तपासणी एकाची असली तरी उपास दोघांना घडतो, कारण समोर बायको कोरडी बसलेली असताना चहा भुरकणारा नवरा आमच्याकडे अजून जन्माला यायचा आहे. (जन्माला आला असेल, तर तो पुढे कुठल्याच तपासणीला उरत नसावा.)

आणि पहिलं रक्त दिलं म्हणजे सुटलात असं नाही. पीपी असतं. खाऊन दोन तासांनी पुन्हा या. हे दोन तास मोजायचे पहिल्या घासापासून. मग लॅबसमोरच्या हॉटेलात पहिला घास नक्की कधी घेतला यावर खटला उभा राहतो. तो म्हणतो नऊ वीस. ती म्हणते नऊ दहा, कारण इडली यायच्या आधी तुम्ही चटणी चाटलीत. चटणी धरायची की नाही? शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणतात धरायची, त्यांच्या साडूंची धरली होती. त्या वेळी हॉटेलात नजर टाकलीत, तर निम्मं गिऱ्हाईक कोपरात कापूस दाबून, हात मुडपून, एका हाताने सांबार पीत असतं. वेटर मेनूकार्ड देत नाही, नुसतं विचारतो, "पीपी?" त्यातून नेमकी संकष्टी निघाली की बाई इडलीला हात लावत नाहीत. साबुदाण्याची खिचडी मागवतात. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यावर बटाटा, त्यावर दाण्याचं कूट, शेजारी गोड दही. दोन तासांनी साखर व्हायची ती होते. डॉक्टर आकडा बघतात, भुवया वर करतात आणि गोळी वाढवतात. काय खाल्लं होतं हे कुणी विचारत नाही, आणि पुढले तीन महिने बाई एका चतुर्थीसाठीचं औषध रोज घेत राहतात.

पोटाच्या सोनोग्राफीचं तर विचारूच नका. तिथे पोट रिकामं लागतं आणि मूत्राशय तुडुंब. स्वच्छतागृहाला कुलूप असतं. किल्ली कुठे असते ते ओळखा. कपाशेजारी.

इथवर गंमत झाली. आता राग. लॅब सातला उघडते आणि रक्त काढणारा मुलगा पावणेनऊला येतो. घरी येऊन रक्त नेण्याची सोय म्हणाल, तर 'सहा ते नऊ' असा निरोप येतो आणि साडेनऊला फोन येतो, "काका, ट्रॅफिकमध्ये आहे." फास्टिंग शुगरला आठ तास उपाशी राहणं पुरतं. इथे चौदा होतात. म्हातारा माणूस, त्यातून साखरेच्या गोळ्या चालू, घाम फुटतो, हात थरथरतात, आणि काउंटरवरून सल्ला मिळतो, "थोडं पाणी प्या." मुळात इतकी माणसं उपाशी कशाला हवीत? एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगते, त्याला उपासाची गरज नाही. हिमोग्लोबिनला नाही. नेहमीच्या कोलेस्टेरॉललासुद्धा बहुतेकांना उपाशी राहायचं कारण नाही, असं युरोपातले तज्ज्ञ 2016 पासून सांगताहेत. पण प्रत्येक कागदावर एकच शिक्का: उपाशीपोटी. कुणाला वेगळं सांगत बसायला लागू नये, यासाठी सगळ्यांनाच उपाशी ठेवायचं! ही काउंटरची सोय झाली. तिला वैद्यकशास्त्र म्हणू नका.

तेव्हा पुढचा कागद हातात पडेल तेव्हा डॉक्टरांच्या केबिनमधून उठू नका. यातल्या नेमक्या कुठल्या तपासणीला उपाशी राहायचं, किती तास, आणि सकाळच्या गोळ्यांचं काय करायचं, हे विचारा आणि त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. ज्या दिवशी गरज नसेल, त्या दिवशी दोघं चहा पिऊन जा. विचारण्याचे अजून तरी वेगळे पैसे लावत नाहीत.