दाजींना लागलेलं पिसं

डिसेंबरात हिमालयातल्या केदारकंठ्याला ट्रेकला जायचं ठरलं आणि दाजींनी ताईच्या ओट्यावरचा वजनकाटा पिशवीत टाकून पुण्यातलं दुकान गाठलं. १२,५०० फूट उंची, रात्री शून्याच्या खाली पारा, म्हणजे जाकीट उबदार हवं. आणि पाठीवरून वाहायचं म्हणजे हलकंही हवं. विक्रेत्यानं गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची पाहिली असतील, पण स्वतःचा काटा घेऊन आलेलं हे पहिलंच असावं.

"८०० फिल पॉवर आहे, सर. एक औंस पिसं फुगून ८०० घनइंच जागा व्यापतात. पिसांत हवा अडकते आणि अंगातली ऊब बाहेर जात नाही."

"म्हणजे ऊब माझीच? आणि १८,००० रुपये हवेचे?"

मी त्यांना जॉर्ज फिंचची गोष्ट सांगितली. १९२२ साली हा गडी फुग्याच्या कापडात आयडर बदकाची पिसं भरून शिवलेला कोट घेऊन एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेला. सोबतचे साहेब आधी हसले, मग थंडी वाजायला लागल्यावर त्याच कोटाचा हेवा करू लागले. दाजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्याला सासरहून मिळाला असेल."

मी विषय बदलून कृत्रिम भरणाच्या जाकिटावर आलो. पिसं भिजली की त्यांचा लगदा होतो आणि ऊब संपते. कृत्रिम भरण ओलं झालं तरी बरीच ऊब राखतं, पण तेवढ्याच उबेसाठी वजन जास्त. हिमालयातल्या कोरड्या थंडीला पिसंच बरी, असं माझं मत. (श्रावणात राजगडावर पिसांचं जाकीट नेणाऱ्याला मात्र बदकांनीच शाप द्यावा.) दाजींच्या काट्यानं ३१० ग्रॅम दाखवले आणि खरेदी झाली.

पायथ्याच्या सांक्री गावात पोचल्यावर कळलं, सामान खेचरं वाहणार. बटाट्यांचं पोतं, गॅसची टाकी आणि वर दाजींची पिशवी. वाचवलेल्या ग्रॅमांचा सगळा फायदा खेचराच्या पदरात पडला. ताईनं तिथंच भाड्यानं गादीएवढं जाडजूड जाकीट उचललं; वजन विचारलंसुद्धा नाही.

वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्याच्या चढावर दाजी जाकीट घालूनच निघाले आणि घामानं निथळले. वाटाड्या कळवळला, "साहब, चढते वक्त उतारो, रुकते ही पहनो। पसीने से पंख गीले होंगे।"

"१८,००० रुपये देऊन काढून ठेवू?" दाजी मला मराठीत म्हणाले, आणि काढलं.

मुक्कामी जाकीट घालून शेकोटीपाशी इतके सरकले की एक ठिणगी पोटावर बसली. जाकिटाचं कापड कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. भोकातून एक पांढरं पीस डोकावलं, मागून दुसरं. वाटाड्या चिकटपट्टी शोधायला धावला. तोवर ताईनं शांतपणे कपाळावरची टिकली काढून भोकावर दाबली.

शिखरावरच्या प्रत्येक फोटोत दाजी छाती फुगवून उभे आहेत आणि त्यांच्या निळ्या पोटावर मरून टिकली आहे.