आकाशचिन्ह पायात

‘काका, बाजूनं जा की.’

बाजू म्हणजे रस्ता. रस्त्यावर पीएमपी, पीएमपीला चुकवणारी रिक्षा आणि रिक्षाला चुकवणारा पिझ्झावाला. मी ज्याच्या बाजूनं जायचं, तो फुटपाथच्या मधोमध पाय फाकून उभा. छातीवर लिहिलंय, ‘आजची खास डिश : तर्रीदार मिसळ’.

माणूस उभा असता तर निदान ‘सरका जरा’ म्हणता आलं असतं.

पुण्यातल्या दुकानांना ‘आमची कोठेही शाखा नाही’ असं सांगायची जुनी हौस. आता प्रत्येकाची एक शाखा आहे. दारासमोर, फुटपाथवर.

हा बोर्ड नीट बघितलाय कधी? लोखंडी अँगलची घडीची चौकट, दोन्ही अंगांना फ्लेक्स. वाऱ्यानं पडू नये म्हणून पायाशी रंगाचा रिकामा डबा, त्यात ओतलेलं सिमेंट. रात्री कुणी उचलून नेऊ नये म्हणून झाडाच्या जाळीला सायकलची साखळी आणि कुलूप. आणि मालक सांगतो, ‘हलताच बोर्ड आहे हो, कायमचा थोडाच?’

हलता खराच. महापालिकेची गाडी आली की हलतो.

आता कायदा. तो नाही असं समजू नका; आपल्याकडे कायद्याचा तुटवडा कधीच नव्हता. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा, त्याचं कलम २३१ सांगतं की रस्त्यावर, फुटपाथवर नियम मोडून ठेवलेली वस्तू आयुक्तांना नोटीस न देता उचलता येते. नोटीस न देता! इतका करारी कायदा दुसरा सापडायचा नाही.

फक्त गाडी येतेय ही खबर दोन गल्ल्या आधी कशी पोचते, ते कोणत्याच कलमात लिहिलेलं नाही.

मालमत्ता विद्रूपणाचाही कायदा आहे, १९९५ चा. परवानगीशिवाय लोकांच्या नजरेला पडेल अशी जाहिरात लावली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैदेचं सोडा. दोन हजार म्हणजे मिसळीच्या वीसेक प्लेटा. रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत वसूल.

मग हा बोर्ड नक्की कुणाच्या हद्दीत? फुटपाथ पथ विभागाचा. त्यावर मांडलेलं अतिक्रमण विभागाचं. आणि जाहिरात? तिच्यासाठी पुणे महापालिकेत एक खातं आहे. नाव : आकाशचिन्ह व परवाना विभाग.

आकाशचिन्ह! जो विभाग आकाशाकडे बघतो, त्याला पायाखालचं कसं दिसावं?

चेष्टा नाही, शब्द कायद्यातलाच. रस्त्यावरच्या कुठल्याही एका ठिकाणाहून ज्याच्यामागे आकाश दिसतं, ते आकाशचिन्ह. साडेतीन फुटी मिसळीमागे आकाश कुठून दिसणार? दिसतं ना. पायात अडकून उताणे पडा. वर बघा. मिसळ, आणि तिच्यामागे निरभ्र आकाश. झालं की नाही कायद्यात बसणारं?

पाटीवरच्या अक्षरांची मात्र आपल्याला फार काळजी. मराठी देवनागरीत हवी आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, असं २०२२ साली कायद्यात घातलं. दुकानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथून सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत घेऊन परतले. त्यानंतर फूटपट्टी घेऊन अक्षरं मोजली गेली. चांगलंच झालं.

ती फूटपट्टी दुकानाच्या कपाळावरून खाली फुटपाथवर उतरली असती, तर जास्त चांगलं झालं असतं.

ती उतरली नाही, म्हणून परवा मीच शिंप्याकडून टेप आणली. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते, फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. म्हणजे सहा फूट. आमच्या कोपऱ्यावरचा फुटपाथ कागदावर तेवढा आहेही. त्यातून झाडाचं आळं वजा करा. विजेची डीपी वजा करा. मग मिसळ वजा करा. उरल्या दोन विती.

मी टेप गुंडाळत होतो तर मालकानं विचारलं, ‘काका, फरशी बदलणारेत का?’

फरशीवरून आठवलं. नव्या फुटपाथांवर उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्यांची एक पट्टी असते. ती शोभेची नाही. ज्यांना दिसत नाही त्यांना पायानं, काठीनं वाट कळावी म्हणून ती असते. तिच्यावरून एक गृहस्थ पांढरी काठी टेकवत येताना मी पाहिले. चाल सरळ, झोकात. काठी टण्णकन सिमेंटच्या डब्याला लागली. ते थांबले, हातानं चौकट चाचपली, फ्लेक्सवरून बोटं फिरवली. मग शांतपणे विचारलं, ‘काय आहे हे?’

‘मिसळ,’ मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, अडथळा नसलेला आणि अपंगांना वापरता येईल असा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. कलम २१. धोरण तर पुण्याकडे त्याआधीपासूनच आहे, २०१६ चं पादचारी धोरण. वर्षातून एक दिवस, ११ डिसेंबरला, लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा होतो.

बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस बोर्डांचे.

दुकानदाराची बाजू ऐकायची? ऐकू या, तो काही खलनायक नाही. दारासमोर दुचाक्यांची अशी भिंत लागते की आतलं दुकान रस्त्यावरून दिसतच नाही. भाडं डोक्यावर. शेजाऱ्यानं बोर्ड मांडला की यालाही मांडावा लागतो, मग शेजारी अजून फूटभर पुढे सरकतो. आणि त्याचा हुकमी एक्का : ‘आधी चौकातला साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स काढायला सांगा, मग माझ्याकडे या.’

यावर कुणाकडे उत्तर आहे? बेकायदा फलक काढा असं मुंबई उच्च न्यायालय किती वर्षं सांगतंय, आणि साहेब किती वर्षं हसतायत, हात जोडून, चाळीस कार्यकर्त्यांच्या पासपोर्ट फोटोंसकट.

पण साहेबांनी चौक अडवला म्हणून मिसळीनं फुटपाथ अडवायचा, हा हिशेब कुठला? दोघांच्या मध्ये चालणारा मीच आहे.

एडिनबरा शहरानं नोव्हेंबर २०१८ मध्ये असले सगळे घडीचे बोर्ड फुटपाथवरून सरसकट बंद केले. लहान नको, कडेला नको, परवाना-बिरवाना काही नको. बंद. धंद्याचं काय, अशी कुरकुर तिथल्या दुकानदारांनीही केली. तिथं स्कॉच विकतात, इथं मिसळ. कुरकुर सारखीच.

आपल्याकडे असं काही म्हटलं की आधी समिती. मग सर्वेक्षण. मग बोर्डाला क्यूआर कोड. मग वार्षिक शुल्क. आणि एकदा शुल्क भरलं की बोर्ड अधिकृत, अनधिकृत उरलो आपण.

एवढं कशाला? नियम एका ओळीत मावतो : बोर्ड उंबऱ्याच्या आत. दुकान तुमचं, भिंत तुमची, काच तुमची. हवं तेवढं लिहा, हवं तर फोडणीचा वास सोडा. नाक असलेला माणूस मिसळ शोधत येतो. त्याला अडवायला लागत नाही.

काल दुपारी गाडी आली. बोर्ड त्याआधीच आत गेला होता, घडी घालून, फ्रीजच्या मागे. अर्ध्या तासानं परत आला.

जुन्या जागेवर कुणीतरी स्कूटर लावली होती, म्हणून आता दोन फूट पुढे आहे. संध्याकाळी फिरायला निघाल्यावर जपून.