दुर्मीळ गाण्यांचा शोध : जव्हार-मोखाड्यासाठी सुधारित कार्यपद्धती

ज्यांना आवडत्या कलाकाराची गाजलेली गाणीच आवडतात, त्यांनी हे पान उलटून पुढच्या पाककृतीकडे जावं. ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्यासमोर कुणी एखाद्या गाण्याचं नुसतं नाव काढलं तरी तोंडून आपोआप निघतं, ‘ते ठीक आहे हो, पण त्याच रेकॉर्डची मागची बाजू ऐकलीय का?’ या विकाराला औषध नाही. त्याला शिस्त मात्र लावता येते, आणि ती लावायला जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके उत्तम आहेत. इथे रेल्वे नाही, रेकॉर्डचं दुकान नाही आणि पावसाळ्यात वीज कधी असेल हे वीजच ठरवते. सुखासुखी जे मिळतं त्याला दुर्मीळ म्हणत नाहीत.

प्रथम कलाकार निवडावा. तो सिंथेसायझर वाजवणारा असावा, कारण गिटारवाल्यांच्या भक्तांची गर्दी फार झाली आहे. विलायतेत या बाबतीत पेट शॉप बॉईज या जोडीला मान आहे. पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकडीवर पुढे गाजणारं गाणं आणि मागे भरताड, असा तिकडचा रिवाज. या दोघांनी मागच्या बाजूवरही जीव तोडून मेहनत केली. १९८६ साली ‘सबर्बिया’च्या पाठीवर बसून आलेलं ‘पॅनिनारो’ तर पुढे स्वतःच्या पायावर उभं राहिलं. १९९५ मध्ये त्यांनी नुसत्या मागच्या बाजूंचा, म्हणजे बी-साइड्सचा, ‘ऑल्टरनेटिव्ह’ हा संग्रह काढला. तीस गाणी, दोन सीडी. भक्त कृतकृत्य झाले आणि दुसऱ्याच दिवशी ‘यात अमुक मिक्स नाही’ म्हणून कुरकुरू लागले असतील, यात मला तरी शंका नाही.

आपल्याकडे अडचण अशी की छोट्या तबकडीच्या दोन्ही बाजूंना एकाच सिनेमाची गाणी असत आणि दोन्ही रेडिओवर वाजत. मागच्या बाजूचा म्हणून अभिमान बाळगायची सोयच नव्हती. तेव्हा मराठी मुलखातल्या साधकाने सरळ असा कलाकार धरावा, ज्याचा अख्खा अल्बमच मागच्या बाजूला पडला. असा एक पक्का मुंबईकर उपलब्ध आहे : चरणजित सिंग.

हे शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक. स्वतःचा ऑर्केस्ट्रा घेऊन लग्नसमारंभांतही वाजवत. १९८२ साली एचएमव्हीने त्यांची एक एलपी काढली, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. रोलँड कंपनीची तीन यंत्रं : ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. दहा राग आणि खाली अखंड डिस्कोचा ठेका. शास्त्रीयवाल्यांना ठेका सोसेना, डिस्कोवाल्यांना ललत आणि तोडी झेपेना. रेकॉर्ड खपली नाही. यातलं ३०३ हे यंत्र मुळात एकट्याने सराव करणाऱ्या वादकाला साथीला बेस असावा म्हणून बनवलेलं. तेही बाजारात पडलं, १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं आणि मग जुन्या मालात स्वस्तात विकलं जाऊ लागलं. शिकागोतल्या पोरांनी ते उचललं, बटणं पिळली आणि १९८७ मध्ये फ्यूचर या मंडळींचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं. तिकडे त्याला नव्या संगीताचा जन्म म्हणतात. हे यंत्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातं. ज्याच्या कानात मींड मुरलेली आहे त्याला त्यात नवल काय वाटणार? सिंगांना ते पाच वर्षं आधी सुचलं होतं, आणि तेही कुणाला धक्का द्यायचा म्हणून नव्हे.

आता कार्यपद्धतीतलं सर्वांत महत्त्वाचं कलम. एखादी वस्तू ‘पुन्हा सापडली’ असं जाहीर करण्यासाठी ती आधी परदेशी माणसाला सापडावी लागते. एडो बाउमन या डच संग्राहकाला सिंगांची ही एलपी २००२ मध्ये दिल्लीतल्या एका दुकानात मिळाली. हॉटेलच्या खोलीत सोबतच्या छोट्या प्लेअरवर त्याने ती लावली आणि तो उडालाच. पुढे त्याने मुंबईत खुद्द सिंगांना गाठलं आणि २०१० मध्ये आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवर रेकॉर्ड पुन्हा काढली. मग युरोपातून बोलावणी आली आणि सत्तरीच्या घरातले सिंग तिथल्या तरुणांपुढे राग वाजवू लागले. २०१५ मध्ये ते गेले. ही सगळी वर्षं ते मुंबईत राहत होते, त्यांचा पत्ता कुणी लपवलेला नव्हता. पण मुंबईकराला शेजारचा माणूस सापडायचा म्हणजे तो ॲमस्टरडॅमहून यावा लागतो. मोखाड्याच्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. मध्य वैतरणेचं धरण त्याच्या तालुक्यात, पाणी मुंबईच्या नळाला आणि उन्हाळ्यात त्याच्या पाड्यावर टँकर. पाणी इथून मुंबईला जातं. मुंबईचं गाणं मात्र इथे दिल्ली आणि नेदरलँड्सचा वळसा घालून येतं.

साहित्य : एक मोबाईल, अल्बम घरूनच डाउनलोड केलेला (तोरंगण घाट चढताना डाउनलोड करू पाहणारा साधक नापास समजावा), चांगले हेडफोन, छत्री आणि कोरडे मोजे. मूळ एचएमव्हीची तबकडी आणि ग्रामोफोन बरोबर घेण्याचा मोह होईल. तो जव्हारच्या एसटी स्टँडपर्यंत टिकतो. जयविलास राजवाडा पाहून ‘इथे नक्की एखादा जुना फोनो असेल’ असं वाटणं स्वाभाविक आहे. मुकणे संस्थानिकांच्या वास्तूत शिरून पहारेकऱ्याला तसं विचारणं स्वाभाविक नाही.

ऋतू आषाढ-श्रावणाचा. याचं कारण शास्त्रीय आहे. सिंगांच्या एलपीची मागची बाजू मेघ मल्हाराने सुरू होते, मग यमन, कलावती, मालकंस आणि शेवटी बैरागी. प्रत्येकी पाचेक मिनिटं. पुढची बाजू ऐकणारे लोक भैरवात अडकतात आणि आपल्याला सगळं कळलं असं समजून उठतात. साधकाने थेट मागून सुरुवात करावी. हनुमान पॉइंटवर धुकं इतकं दाट असतं की समोरची दरी दिसत नाही. तरी माणसं मोबाईल उंचावून दरीचेच फोटो काढत असतात. तिथे मेघ मल्हार लावावा. ८०८ चा ठेका आणि छत्रीवरचा पाऊस यांचं जमत नाही, पाऊस सतत लयीच्या पुढे पळतो. दोष पावसाला द्यावा, यंत्राला नाही, कारण यंत्र चुकत नाही हीच त्याची मर्यादा आहे. मालकंस रात्रीचा राग आहे, पण पावसाळ्यात दुपारी तीनलाच दिवे लावावे लागत असल्याने नियम शिथिल करण्यास हरकत नसावी. (दाभोसा धबधब्याखाली हेडफोन लावू नयेत. तिथे काहीच ऐकू येत नाही, आणि ते चांगलं आहे.)

इथवर झालं ते पूर्वतयारीचं. खरी दुर्मीळ गाणी आठवडी बाजारात असतात.

जिथे वाणसामान, छत्र्या, पावसाळी बूट आणि सुकट एका रांगेत मिळते, तिथेच कुठेतरी मोबाईल दुरुस्तीची टपरी असते. काही वर्षांपूर्वीपर्यंत या टपऱ्यांवर मेमरी कार्डात गाणी भरून मिळत. भरणारा स्वतःच्या आवडीने भरे. ‘जुनं भर’ म्हटलं की मोहम्मद रफी, ‘आपलं भर’ म्हटलं की तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य, त्याच्याकडे पुढे येऊच), गौरी नाच, लग्नाची गाणी. यातलं ‘आपलं’ हेच जव्हार-मोखाड्याचं सिंथ-पॉप. तारप्याची चाल कीबोर्डवर उचललेली, खाली यंत्राचे ढोल, वर एखाद्या पोराचा नाहीतर पोरीचा आवाज, मधेच डीजेचं नाव ओरडणारी ध्वनिमुद्रित बाई. शहरातले जाणकार याला गोंगाट म्हणतात. बरोबर हेच १९८२ साली सिंगांबद्दलही म्हटलं गेलं असणार.

या संग्रहाच्या सूचीची पद्धत संशोधकाने समजून घ्यावी. फाइलचं नाव ‘ट्रॅक ०७’ असतं. तेच गाणं शेजारच्या कार्डात ‘नवीन तारपा’ या नावाने आणि तिसऱ्यात दुकानदाराच्या स्वतःच्या नावाने आढळतं. गायकाचं नाव कुठेच नसतं. ‘न्यू फोल्डर’च्या आत ‘न्यू फोल्डर २’ असतो, आणि सगळा खजिना त्यातच. टपरीवाल्याला ‘याची दुर्मीळ आवृत्ती आहे का’ असं विचारू नये. तो विचारेल, ‘भाऊ, ओरिजनल पाहिजे का?’, आणि ओरिजनल म्हणून कंपनीच्या सीलबंद खोक्यातला चार्जर दाखवेल. ‘तुमच्या जुन्या कार्डात काय आहे?’ असं विचारावं. मग तो खालच्या ड्रॉवरमधून एक प्लास्टिकची डबी काढतो. त्यात गिऱ्हाइकांनी विसरलेली, कुणी न्यायलाच न आलेली कार्डं असतात. इथे आवाज खाली आणावा, हात थरथरू देऊ नयेत आणि भावाचं काहीही बोलू नये, कारण त्या क्षणापर्यंत ती फुकट असतात.

हेही ध्यानात ठेवावं की दिवाळी झाली की इथली कितीतरी घरं बंद होतात. माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांच्या खिशातले मोबाईलही जातात. या काळात दोन्ही तालुक्यांतली उत्तमोत्तम दुर्मीळ गाणी विटांच्या ढिगाऱ्याशेजारी, पालाच्या बांबूला टांगलेल्या फोनवर वाजत असतात. संग्राहकाने पाड्यावर जाऊन बंद दार ठोठावू नये. शिमग्याला यावं.

ज्यांना कॅसेटमध्ये पेन्सिल घालून फिती गुंडाळण्याच्या आठवणी काढायच्या असतील, त्यांना त्या दोन मिनिटं काढू द्याव्यात. मग चहा मागवावा.

आता तारप्याकडे यायला हवं, कारण कीबोर्डवर वाजतं ते सगळं त्याच्याकडून उसनं आहे. सुकवलेला दुधी भोपळा, दोन नळ्या, ताडाचं पान, बांबू आणि सांधे बुजवायला मेण. वादक गाल फुगवून नाकाने श्वास घेतो आणि तोंडाने फुंकत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. नवं धान्य आलं की तारपा बाहेर निघतो आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा आढ्याला टांगला जातो. संग्राहकाला मे महिन्यात तो ऐकायचा असतो, कारण त्याची रजा मे महिन्यात असते. तेव्हा ‘थोडं डेमो द्या ना, काका’ असं म्हणू नये. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांनी आयुष्यभर हे वाद्य वाजवलं. २०२६ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि मग गाड्या वाळवंड्याचा रस्ता विचारू लागल्या. वारली चित्रांचंही असंच. घराच्या भिंतीवर होती तोवर ती लग्नाच्या विधीतली गोष्ट होती, कागदावर उतरल्यावर ती कला झाली. धिंडांना सापडवणारा मात्र डच नव्हता, दिल्लीचा होता. एवढी प्रगती नोंदवायला हवी.

तारपा ऐकायला जाणाऱ्या बी-साइड भक्ताला एक तांत्रिक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवतो. तारपावाला मधे असतो आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती गोल फिरतात. तो वळला की रांग वळते, त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा नियम आहे. म्हणजे ज्या मैफलीत पाठीमागची बाजूच नाही, तिथे बी-साइड कुठून काढणार? काही साधक या टप्प्यावर खचतात आणि परत पेट शॉप बॉईजकडे जातात. त्यांना जाऊ द्यावं.

जे टिकतील त्यांनी लग्नसराईची वाट पाहावी. मांडवात स्पीकरची भिंत उभी असते आणि कोपऱ्यात दोन लोखंडी पायांवर कीबोर्ड. वाजवणारा साधारण विशीतला असतो, गॉगल रात्रीही लावतो आणि त्याच्या बोटांत तारप्याच्या कितीतरी चाली असतात. गावाला मात्र त्यातल्या दोनच हव्या असतात. उरलेल्या ऐकायच्या तर रीतसर अर्ज करावा लागतो. शंभराची नोट आडवी दुमडून कीबोर्डच्या कडेला ठेवावी आणि कानात सांगावं, ‘दादा, कुणी मागत नाही ती वाजव.’ तो मान डोलावतो, नोट उचलतो, माईकवरून आपलं नाव चुकीचं पुकारतो, गावही दुसरंच सांगतो आणि ‘झिंगाट’ सुरू करतो. पोरं मांडव डोक्यावर घेतात.

गाणं संपल्यावर पुन्हा जावं. दुसरी नोट काढण्याची गरज नाही, पहिल्या नोटेची ओळख पुरते. तो म्हणेल, ‘ती चाल इथं नाय चालत, लोक बसतात. आमच्या पाड्यावर वैशाखात लग्न हाये, तिथं वाजवतो.’ पाड्याचं नाव नीट लिहून घ्यावं, कुठल्या फाट्याला उतरायचं ते दोनदा विचारावं आणि त्या दिवशी मोखाड्याहून सुटणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर जाऊन बघून ठेवावी. आमंत्रण नसलं तरी चालतं. जेवायला मात्र बसावं लागतं.