बिलंदर

सासुरवाडीत जेवणं आटोपल्यावर जावयाने सुपारी चघळत गप्प बसावं आणि झोप आल्याचं दाखवावं, असा शिरस्ता आहे. अकोल्यात त्या दुपारी मी तो मोडला. न्यू जर्सीतल्या भाच्याने पाठवलेला फोटो सासूबाईंना दाखवला. पांढऱ्या बशीत दोन सोनेरी वळकट्या, वर घट्ट साय, बाजूला फळांचा लालभडक पाक.

"ब्लिंट्झ," मी म्हणालो. "ज्यू लोकांचा पदार्थ आहे."

"बिलंदर?" सासूबाईंनी चष्मा वर केला. "हे तं धिरडं हाय जी, जवाईबापू. गुंडाळेल."

सातासमुद्रापलीकडचा पदार्थ एका वाक्यात धिरड्यावर आलेला मला सहन झाला नाही. "पुढच्या रविवारी मी स्वतः करून आणतो," मी म्हणालो, "संत्र्याचं सारण भरून." बायकोने माझ्याकडे पाहिलं. अंतरपाट सरकल्यावर पाहिलं होतं अगदी तसंच: आता काही इलाज नाही.

अमरावतीला परतून आधी अभ्यास केला. स्वयंपाक न येणारा माणूस अभ्यास फार करतो. ब्लिंट्झ हा पोलंड-युक्रेनकडच्या ज्यूंचा पदार्थ, नाव यिडिश भाषेतलं, मूळ मात्र तिथल्या स्लाव लोकांच्या 'ब्लिन'मध्ये. म्हणजे धिरड्यातच, पण हे मी अकोल्याला कळवलं नाही. शावुओत नावाचा त्यांचा सण गव्हाच्या कापणीचा आणि पहिल्या फळांचा. त्या दिवशी दुधाचे पदार्थ खायची चाल आहे. दोन ब्लिंट्झ शेजारी ठेवल्या की तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीसारख्या दिसतात, असंही सांगतात.

मला आशा होती ती बेने इस्राएल या आपल्या मराठी ज्यूंची. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावं, घरात मराठी, तेलाचे घाणे शनिवारी बंद म्हणून गावाने ठेवलेलं नाव 'शनवार तेली'. एवढी मराठी माणसं असल्यावर ब्लिंट्झची एखादी मराठी कृती असणारच! पण त्यांचा स्वयंपाक पडला कोकणी, नारळाचा. त्यात ब्लिंट्झ नाही, मलिदा आहे: भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची आणि सोबत फळं, एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेऊन केलेला.

"मग मलिदाच करा ना," बायको म्हणाली. "त्याला गॅससुद्धा लागत नाही."

हे ऐकलं असतं तर तवा वाचला असता.

तवा म्हणजे अंड्याचा तवा. तो आमच्याकडे बाल्कनीत खिळ्याला टांगलेला असतो आणि स्वयंपाकघरात फक्त पाहुणा म्हणून येतो. धर्म पाळणाऱ्या ज्यू घरांत दूध आणि मांस यांची भांडी वेगळी असतात, हे वाचल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं. गंमत अशी की त्यांच्या शास्त्रात अंडं दुधातही मोडत नाही आणि मांसातही नाही, त्यामुळे ते दोन्हींबरोबर चालतं. आमच्या सासूबाईंच्या शास्त्रात ते कशाबरोबरच चालत नाही.

एक वाटी मैदा, दीड वाटी दूध, दोन अंडी, चिमूटभर मीठ. हे मिश्रण अर्धा तास मुरवून तव्यावर कागदासारखं पातळ पसरायचं. आमच्या अमरावती-अकोला रस्त्यावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत पसरलं आणि गिनेस बुकात नाव गेलं. त्याच रस्त्याने गेली तीस वर्षं सासुरवाडीला जाणाऱ्या मला वीतभर तव्यावर वाटीभर पीठ पसरता येईना. पहिल्याचा नकाशा झाला, दुसऱ्याला मधोमध खड्डा पडला. तिसरं तव्याने ठेवून घेतलं.

वर अट अशी की एकाच बाजूने भाजायचं. भाजलेली बाजू आत घेऊन तिच्यावर सारण घालायचं, घडी घालायची आणि बाहेर राहिलेली पांढरी बाजू मग लोण्यावर परतायची. बायकोला हे अर्धकच्चं प्रकरण लगेच समजलं. "मांडा नाही का, खापरावर एकाच बाजूने? आई काय सुंदर करते!" मांडे मीही रविवारपासून खातच होतो, मनातले.

आता सारण. मृगाची संत्री वरूडहून कॅरेटभर आली होती. (बागा वरूड-मोर्शीच्या आणि भौगोलिक मानांकन मात्र 'नागपुरी' नावाने. हे दुःख वऱ्हाडी माणसालाच कळतं.) संत्र्याच्या फोडी साखरेत शिजवल्या की सारण होईल, अशी माझी साधी समजूत होती. फोडींवरची पांढरी साल आणि बिया काढायच्या असतात, नाहीतर शिजल्यावर कडवटपणा उतरतो, हे कढईने मला सांगितलं. रस पातळ झाला म्हणून आटवला, तर कडूपणाही आटून घट्ट झाला. मग त्यात चक्का कालवला. रंग सुरेख आला.

घडी मात्र मला जमली. खालची कड वर, दोन्ही बाजू आत, मग गुंडाळी. लहानपणी किराणावाला रद्दीच्या कागदात पावशेर साखर बांधायचा, तेच हे कसब. त्याच्या पुडीला दोराही लागत नसे. माझ्या पुड्या लोण्यात पडल्यावर उकलल्या, पाक बाहेर आला, जळला आणि बाल्कनीतला तवा कायमचा बाल्कनीत गेला.

बारांपैकी चार वाचल्या. त्या डब्यात घालून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोला गाठलं. सासूबाईंनी डबा हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारला.

"अंडं हाय का जी यात?"

"आहे."

डबा स्वयंपाकघरात न जाता अंगणातल्या बाजेवर गेला. तिथे सासरे बसले होते. त्यांना अंड्याचं वावडं नाही, फक्त सांगायची बंदी आहे. त्यांनी एक पूर्ण खाल्ली, शांतपणे मिशा पुसल्या आणि विचारलं, "कारल्याचं सारन काहून भरलं, जवाईबापू?"

तोवर सासूबाईंनी कणीक आणि गूळ कालवून दहा मिनिटांत धिरडी टाकली होती, दोन्ही बाजूंनी भाजलेली. मी सहा खाल्ली. त्या घरात आता कुठल्याही बिघडलेल्या पदार्थाला बिलंदर म्हणतात.

इकडे अर्धं कॅरेट अजून शिल्लक आहे. अमरावतीत राहत असाल तर पिशवी घेऊन या. संत्री गोड आहेत. फक्त शिजवू नका, सोलून खा.